घन इलेक्ट्रोलाइटवर काम करायचे तर लहान कारखान्याने कुठून सुरुवात करावी?

वागळे इस्टेटमध्ये तुम्हा बहीण-भावाचा तीनचाकी वाहनांसाठी लिथियम बॅटरी-पॅक जुळवण्याचा कारखाना आहे. सेल बाहेरून येतात, आणि आता तुम्हाला त्या सेलच्या आतल्या रसायनापर्यंत जायचे आहे. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्राहक ‘सॉलिड-स्टेट’ बॅटरी मागू लागले आहेत आणि पुरवठादारांच्या पत्रकांवर ‘सेमी-सॉलिड’ असे छापून येऊ लागले आहे, तेव्हा घन किंवा संकरित इलेक्ट्रोलाइटच्या (सेलच्या दोन टोकांमध्ये लिथियमचे आयन वाहून नेणाऱ्या माध्यमाच्या) विकासाचे काम ठाण्यात बसून स्वतः सुरू करता येईल का, येत असल्यास कोणता पदार्थ हाती घ्यावा आणि त्यासाठी कमीत कमी काय उभारावे लागेल. मी महापे येथे बरीच वर्षे याच कामात आहे, म्हणून निष्कर्ष आधी सांगतो आणि मग कारणांकडे वळतो. काम सुरू करता येईल. मात्र सल्फाइडला, म्हणजे गंधकयुक्त घन इलेक्ट्रोलाइटला, हात घालू नका आणि निव्वळ सिरॅमिकच्या, म्हणजे भाजून केलेल्या ठिसूळ घनाच्या, मागेही लागू नका. सेलमध्ये भरल्यानंतर आतल्या आत घट्ट होणाऱ्या पॉलिमर-जेलपासून सुरुवात करा, सिरॅमिक त्यात पुढच्या टप्प्यावर आणा, आणि पहिल्या दिवसापासून वाहकतेच्या आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष दोन थर एकमेकांना जिथे भिडतात त्या पृष्ठाच्या रोधाकडे द्या.

सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणली, तेव्हापासून तिच्यातील इलेक्ट्रोलाइटचा गाभा फारसा बदललेला नाही. इथिलीन कार्बोनेट आणि डायमिथाइल कार्बोनेटसारख्या द्रावकांमध्ये लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट हे क्षार विरघळवलेले असते, आणि या द्रावणाची वाहकता सामान्य तापमानाला १० मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आसपास असते. हे द्रावक पेट घेतात हा त्यांचा दोष सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा गुण मात्र आपण गृहीत धरतो: द्रव प्रत्येक फटीत शिरतो, प्रत्येक कणाला भिजवतो, आणि चार्जिंगमध्ये कण फुगला किंवा आक्रसला तरी त्याची साथ सोडत नाही. घन पदार्थाकडून हे काम करून घेणे हीच या क्षेत्रातली खरी अडचण आहे.

मग घनाच्या वाटेला जायचेच कशासाठी? त्याचे मुख्य कारण अ‍ॅनोडमध्ये आहे. अ‍ॅनोड म्हणजे सेलचा ऋण इलेक्ट्रोड, आजच्या सेलमध्ये बहुधा ग्रॅफाइटचा. ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास आहे, तर लिथियम धातूची ३,८६०. परंतु द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम धातू सपाट न बसता त्याचे काटेरी तंतू, म्हणजे डेंड्राइट, वाढतात आणि शॉर्ट होतो. कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीला लिथियम धातूच्या सेलना आग लागल्यामुळे १९८९ मध्ये त्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या होत्या. कठीण घन थर या तंतूंना अडवेल आणि लिथियम धातू वापरता येईल, ही मूळ आशा आहे. याचाच अर्थ असा की ग्रॅफाइट तसाच ठेवून द्रवाच्या जागी घन पदार्थ घातला तर सेलची ऊर्जा वाढत नाही. बहुतेक घन इलेक्ट्रोलाइट द्रवापेक्षा जड असल्यामुळे ती घटते. तुमच्या पुरवठादाराने ‘सेमी-सॉलिड म्हणून जास्त रेंज’ असे सांगितले असेल, तर अ‍ॅनोड कशाचा आहे हा पहिला प्रश्न त्याला विचारा.

घन पदार्थातून आयन वाहू शकतात हे जुनेच ज्ञान आहे. पीटर राइट यांनी १९७० च्या दशकात पॉलिइथिलीन ऑक्साइड, म्हणजे पीईओ, या पॉलिमरची अल्कली धातूंच्या क्षारांशी होणारी संयुगे आयनवाहक असल्याचे दाखवले आणि मिशेल आर्मां यांनी १९७८ मध्ये ती बॅटरीत वापरण्याची कल्पना मांडली. त्या वाटेने बोलोरे समूहाच्या ब्लूकार मोटारी पॅरिसच्या रस्त्यांवर २०११ ते २०१८ या काळात धावल्यासुद्धा. त्यांत लिथियम धातू आणि घन पॉलिमर होता. अट एकच होती, की बॅटरी सतत ६० ते ८० अंश सेल्सिअसला गरम ठेवावी लागे, कारण पीईओचे स्फटिक सुमारे ६५ अंशांना वितळतात आणि त्याखाली आयनांची चाल मंदावते. ऑक्साइड सिरॅमिकच्या बाबतीत २००७ हे वर्ष महत्त्वाचे: रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई आणि वेर्नर वेपनर यांनी लिथियम-लँथेनम-झिर्कोनियम ऑक्साइडच्या गार्नेटची, म्हणजे एलएलझेडओची, माहिती प्रसिद्ध केली. या कामात दोन भारतीय वैज्ञानिक आहेत याचा मला नेहमीच आनंद वाटतो. पुढे २०११ मध्ये तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या र्‍योजी कान्नो यांच्या गटाने जर्मेनियम असलेले सल्फाइड मांडले, त्याची वाहकता १२ मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर निघाली, म्हणजे द्रवाच्या बरोबरीची.

वाहकतेचा प्रश्न त्या वर्षी सुटला असे म्हणायला हरकत नव्हती. तरीही घन सेल आजपर्यंत सर्रास दुकानात आलेली नाही. यामागचे कारण समजून घेण्यासाठी थोडे गणित करू.

सेलला वाहकता ‘दिसत’ नाही, तिला दिसतो तो प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागचा रोध, आणि तो म्हणजे जाडी भागिले वाहकता. आजच्या सेलमधला २० मायक्रोमीटरचा सच्छिद्र सेपरेटर, म्हणजे दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पडदा, द्रवाने भिजल्यावर त्याची परिणामी वाहकता सुमारे १ मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर उरते, म्हणून रोध येतो साधारण २ ओहम-चौरस सेंटीमीटर. घन थराने गाठायचे लक्ष्य हे आहे. आता प्रयोगशाळेत दाबून भाजलेली एलएलझेडओची अर्ध्या मिलिमीटरची पेलेट, म्हणजे चकती, घ्या, वाहकता ०.३ मिलिसिमेन्स धरा. रोध येतो सुमारे १६७. प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून ३ मिलिअँपिअर प्रवाह घेतला तर अर्धा व्होल्ट त्या पेलेटमध्येच संपतो. खोलीच्या तापमानाला पीईओची वाहकता ०.००१ ते ०.०१ मिलिसिमेन्स असते. त्याची फिल्म २० मायक्रोमीटर इतकी पातळ केली तरी रोध २०० ते २,००० येतो.

वजनाचा हिशेब तर याहून कठोर आहे. एलएलझेडओची घनता सुमारे ५.१ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आहे, म्हणजे ती अर्ध्या मिलिमीटरची पेलेट चौरस सेंटीमीटरला जवळजवळ २५५ मिलिग्रॅम भरते. तिच्यासमोर ४ मिलिअँपिअर-तासांचा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइड) कॅथोड, म्हणजे धन इलेक्ट्रोड, ठेवला तर त्यातील सक्रिय पदार्थ असतो जेमतेम २० मिलिग्रॅम. लिथियम धातू वापरूनही अशा सेलची ऊर्जा किलोमागे ५० वॅट-तासांच्या आसपास अडकते. शिशाच्या बॅटरीपेक्षा ती थोडीच पुढे, आणि आज तुम्ही वापरत असलेल्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलच्या निम्म्याहूनही खाली. हाच थर २० मायक्रोमीटरचा करता आला तर त्याचे वजन १० मिलिग्रॅमवर येते आणि सगळे चित्र पालटते. परंतु इतके पातळ, सलग आणि न तडकणारे सिरॅमिक मोठ्या क्षेत्रफळावर बनवणे हे काचेसारख्या ठिसूळ पदार्थाचे अतिशय अवघड उत्पादन आहे. म्हणून कोणताही शोधनिबंध किंवा पत्रक हाती आले की वाहकतेआधी जाडी वाचा.

आता पृष्ठांकडे येऊ. एलएलझेडओ भाजून तयार झाली की तिला हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तिच्यावर लिथियम कार्बोनेटचा पातळ थर चढतो. डोळ्यांना तो क्वचितच दिसतो, पण त्याच्यावर लिथियम धातू पसरत नाही, थेंबासारखा गोळा होऊन राहतो, आणि संपर्कपृष्ठाचा रोध शेकडो-हजारो ओहमवर जातो. अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठातील गटाने २०१७ मध्ये गार्नेटवर अ‍ॅल्युमिनाचा अतिशय पातळ थर बसवून हा रोध १,७१० वरून १ ओहम-चौरस सेंटीमीटरवर आणून दाखवला. वाहकतेत कोणतीही वाढ न करता, केवळ पृष्ठ सुधारून मिळालेला हा फरक आहे. माझे ‘पृष्ठाकडे आधी पाहा’ हे म्हणणे अशा आकड्यांवर उभे आहे.

पृष्ठ सुरुवातीला चांगले असले तरी ते टिकावे लागते. चौरस सेंटीमीटरला ४ मिलिअँपिअर-तास म्हणजे सुमारे २० मायक्रोमीटर जाडीचे लिथियम प्रत्येक चार्जमध्ये चढते आणि डिस्चार्जमध्ये उतरते. उतरताना धातूतले अणू पुरेशा वेगाने पुढे सरकले नाहीत तर घन थराशी लागून पोकळ्या तयार होतात, उरलेल्या थोड्या जागांतून सगळा प्रवाह जातो, आणि पुढच्या चार्जला नेमका तिथूनच तंतू सिरॅमिकच्या कणसीमांमध्ये, म्हणजे कण एकमेकांना जुळतात त्या रेषांत, शिरतो. कठीण सिरॅमिक डेंड्राइटला आपोआप अडवते ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. पोकळ्या टाळायच्या तर सेल दाबून धरावी लागते. प्रयोगशाळेतील अनेक सल्फाइड सेल ५ मेगापास्कल किंवा त्याहून अधिक दाबाखाली चालवलेल्या असतात. दहा सेंटीमीटर लांब-रुंद पाऊच सेलवर (मऊ पाकिटातल्या चपट्या सेलवर) ५ मेगापास्कल म्हणजे सुमारे पाच टनांचा भार. तीनचाकीच्या पॅकमध्ये हा भार पेलणारी चौकट तुम्ही कशी बसवाल? पॅक जुळवणाऱ्याला हा प्रश्न रसायनतज्ज्ञापेक्षा लवकर कळतो, आणि तो तुम्ही प्रत्येक पुरवठादाराला विचारला पाहिजे.

सल्फाइडबद्दल मी इतक्या ठामपणे ‘नको’ म्हणतो त्याचे कारण आपल्या हवेत आहे. सल्फाइड मऊ असते, भाजावे लागत नाही, नुसते दाबले तरी कण जुळतात, वाहकता उत्तम. जपानमध्ये टोयोटा आणि इदेमित्सु यांनी २०२३ मध्ये त्यावरच हातमिळवणी केली आणि २०२७-२८ चे लक्ष्य ठेवले. पण पाण्याच्या वाफेशी त्याची गाठ पडली की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. हा वायू विषारी आहे, आणि त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भागांच्या) आसपास गेले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे ‘वास येत नाही’ म्हणजे सुरक्षित, असे मानणे जिवावर बेतू शकते. जुलै महिन्यात ठाण्याचा दवबिंदू २५ अंशांच्या घरात असतो, म्हणजे एक घनमीटर हवेत २२-२३ ग्रॅम पाणी. ड्राय रूमसाठी, म्हणजे सेल बनवण्याच्या कोरड्या खोलीसाठी, उणे ४० अंशांचा दवबिंदू धरला तर तेच प्रमाण एक दशांश ग्रॅमवर आणावे लागते. शिवाय त्या खोलीत काम करणारी प्रत्येक व्यक्ती श्वास आणि घाम यांतून तासाला साधारण शंभर ग्रॅम पाणी हवेत सोडते. सल्फाइडला याहूनही कोरडी हवा आणि जोडीला वायूशोधक, वायू धुऊन काढणारे स्क्रबर, आपत्कालीन वायुवीजन हे सगळे लागते. वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात, शेजारी दुसरे कारखाने आणि मागे वस्ती असताना, हा धोका पत्करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लोराइड-ब्रोमाइडसारख्या हॅलाइड इलेक्ट्रोलाइटांना २०१८ पासून पुन्हा महत्त्व आले आहे. ते कॅथोडच्या बाजूला चांगले टिकतात, मात्र लिथियम धातूसमोर टिकत नाहीत आणि पाणी त्यांनाही चालत नाही. सध्या ते तुमच्या कामाचे नाहीत.

उरतो संकरित मार्ग. ‘संकरित’ हा शब्द सध्या दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यामुळे खूप गोंधळ होतो. पहिला प्रकार म्हणजे पॉलिमरमध्ये सिरॅमिकची भुकटी मिसळून केलेली फिल्म. दुसरा म्हणजे घन थरासोबत, विशेषतः कॅथोडच्या छिद्रांत, थोडा द्रव किंवा जेल ठेवणे. पत्रकांवरचे ‘सेमी-सॉलिड’ बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते. त्यात कमीपणा काहीच नाही. क्वांटमस्केप कंपनीचा सेपरेटर सिरॅमिक असला तरी कॅथोडमध्ये सेंद्रिय द्रव-जेलच आहे, आणि चीनमध्ये निओ कंपनीच्या मोटारींसाठी आलेला १५० किलोवॅट-तासांचा पॅक अर्ध-घन वर्गातलाच आहे. कॅथोडच्या कणांना भिजवण्याचे द्रवाचे कौशल्य आणि मधल्या थराचा घनपणा, दोन्ही एकत्र आणणे ही तडजोड विचारपूर्वक केलेली आहे.

पहिल्या प्रकाराविषयी मात्र एक सावधगिरी हवी. पीईओमध्ये एलएलझेडओची भुकटी टाकली की वाहकता वाढते, आणि लोक समजतात की आयन सिरॅमिकमधून धावू लागले. अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात यान-यान हू यांच्या गटाने लिथियमच्या दोन समस्थानिकांचा माग एनएमआर या वर्णपट-तंत्राने काढून दाखवले, की सिरॅमिक कमी असताना आयन पॉलिमरमधूनच जातात, सिरॅमिकचे कण एकमेकांना टेकतील इतके प्रमाण झाले तरच ते त्यातून वाट काढतात, आणि थोडा द्रव मिसळला की सगळे त्या द्रवाकडे वळतात. कारण उघड आहे: पॉलिमरमधून सिरॅमिकमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना प्रत्येक वेळी पृष्ठाचा रोध ओलांडावा लागतो. कमी प्रमाणातली भुकटी पॉलिमरचे स्फटिक होऊ देत नाही एवढेच काम करते, आणि त्यासाठी महाग एलएलझेडओची गरज नाही. साधे अ‍ॅल्युमिना किंवा टायटेनियम डायऑक्साइडचे सूक्ष्मकणही ते करतात, हे १९९८ पासून माहीत आहे.

या फिल्म बनवताना दोन गोष्टी हमखास घडतात, त्या जवळून पाहण्यासारख्या आहेत. पीव्हीडीएफ हे फ्लोरिनयुक्त पॉलिमर डीएमएफ या द्रावकात विरघळवून त्यात एलएलझेडओ घाला आणि ढवळत ठेवा. पांढरी असायला हवी ती स्लरी, म्हणजे दाट मिश्रण, हळूहळू पिवळट होते, मग तपकिरी, आणि काही वेळाने इतकी दाट होते की ब्लेडखाली पसरत नाही. एलएलझेडओचे पृष्ठ अल्कधर्मी असल्यामुळे ते पॉलिमरच्या साखळीतून हायड्रोजन फ्लोराइड काढून घेते आणि साखळीत दुहेरी बंध तयार होतात; तो रंग त्या बंधांचा. भुकटीवर कार्बोनेट-हायड्रॉक्साइड जितके जास्त तितका रंग गडद आणि जेलिंग लवकर, म्हणून स्लरीचा रंग हा भुकटी कशी साठवली होती याची साक्ष देतो. दुसरी गोष्ट दिसत नाही. अशी फिल्म हाताला कोरडी लागते, पण तिच्यात डीएमएफ टक्क्यांच्या प्रमाणात अडकून राहिलेले असते आणि वाहकता बरीचशी त्याचीच असते. ‘द्रावकविरहित घन इलेक्ट्रोलाइट’ म्हणून प्रसिद्ध होणारे कित्येक आकडे मुळात द्रावकाचे असतात. थर्मोग्रॅव्हिमेट्री करून दोनशे अंशांपर्यंत वजन किती घटते ते पाहिल्याशिवाय कोणत्याही फिल्मला घन म्हणू नका, स्वतःच्याही नाही.

आता तुमच्या कामाचा मार्ग. कोरडी सेल नेहमीसारखी गुंडाळायची किंवा रचायची, तिच्यात नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटसोबत काही टक्के अ‍ॅक्रिलेट मोनोमर (एकमेकांना जोडून पॉलिमर होणारे लहान रेणू), म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल डायअ‍ॅक्रिलेट किंवा इटीपीटीए, आणि अगदी थोडा एआयबीएन हा ही जोडणी सुरू करणारा आरंभक मिसळून भरायचे, सेल भिजू द्यायची, आणि मग ६० अंशांच्या आसपास काही तास ठेवून आतला द्रव जागच्या जागी घट्ट करायचा. द्रव म्हणून भरल्यामुळे तो कॅथोडच्या छिद्रांत पोचतो आणि तिथेच जेल बनतो, त्यामुळे पृष्ठाचा प्रश्न इतर कोणत्याही मार्गापेक्षा इथे सौम्य असतो. सामान्य तापमानाला वाहकता काही मिलिसिमेन्स मिळते. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, यंत्रसामग्री पाऊच सेलच्या नेहमीच्या ओळीहून फारशी वेगळी लागत नाही.

यातले बारकावे मात्र कडक आहेत. एआयबीएन तापल्यावर फुटताना नायट्रोजन सोडते. प्रमाण जास्त झाले किंवा तापमान झटकन वाढवले तर जेलमध्ये बुडबुडे अडकतात, आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे सेलमधला मृत भाग, ज्याच्या कडेला पुढे लिथियम साचते. म्हणून आरंभक कमीत कमी, तापमानवाढ सावकाश, आणि पाऊच शेवटचे बंद करण्याआधी निर्वातात वायू काढणे आवश्यक. ऑक्सिजन ही अभिक्रिया रोखतो, त्यामुळे भरण्याआधी द्रावणातून आर्गॉन फिरवा. लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेटला उष्णता आणि ओलावा एकत्र सोसत नाही, हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते, म्हणून ६० अंशांच्या पुढे जाण्याचा मोह टाळा. न जुळलेला मोनोमर शिल्लक राहिला तर तो अ‍ॅनोडवर जाऊन रोध वाढवतो. बाजूला ठेवलेल्या कुपीतल्या जेलचा अवरक्त वर्णपट घेऊन १६३५ प्रति सेंटीमीटरजवळचा दुहेरी बंधाचा पट्टा नाहीसा झाला का हे प्रत्येक खेपेला तपासा. कुपी उलटी केली आणि जेल खाली आले नाही, एवढ्यावर समाधान मानू नका.

जेलचे प्रामाणिक वर्णनही केले पाहिजे. त्यात द्रावक बहुतांश तसाच असतो, त्यामुळे ते जळते. सेल फुटली किंवा टोचली गेली तर द्रव गळून पसरत नाही, हा फायदा खरा आहे, परंतु ‘न जळणारी बॅटरी’ म्हणून ती विकता येणार नाही. निव्वळ घन सेलच्या बाबतीतही ही काळजी सुटत नाही: साठवलेली ऊर्जा तेवढीच असते, लिथियम १८०.५ अंशांना वितळते, आणि निकेल जास्त असलेला कॅथोड तापला की ऑक्सिजन सोडतो.

जेल आणि एलएफपी-ग्रॅफाइट यांची सेल स्थिर चालू लागली की पुढची पायरी म्हणजे सेपरेटरवर एलएटीपीचा, म्हणजे लिथियम-अ‍ॅल्युमिनियम-टायटेनियम फॉस्फेटचा, दोन-तीन मायक्रोमीटरचा लेप. हे सिरॅमिक आयनवाहक आहे, दमट हवेत टिकते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याची भुकटी हाताळताना एलएलझेडओइतकी धास्ती बाळगावी लागत नाही. त्यातले टायटेनियम लिथियमच्या तुलनेत सुमारे अडीच व्होल्टच्या खाली क्षपित होऊन लेप आयनांसोबत इलेक्ट्रॉनही वाहू देऊ लागतो, म्हणून लेपाची बाजू नेहमी कॅथोडकडे ठेवायची. कामगारांच्या हातून बाजू उलटू नये म्हणून रोलवर खूण करा. लिथियम धातू हा टप्पा त्यानंतरचा, आणि तोपर्यंत तुमच्याकडे पृष्ठ वाचण्याची नजर तयार झालेली असेल.

ती नजर कशी तयार होते? लिथियमच्या दोन पत्र्यांमध्ये इलेक्ट्रोलाइट ठेवून प्रवाह पुढे-मागे फिरवण्याची चाचणी सगळेच करतात. त्यात व्होल्टेजची रेघ सपाट आणि खाली आली की आनंद होतो. खरे तर ती अचानक खाली आली असेल तर बहुधा आत सूक्ष्म शॉर्ट झालेला असतो आणि प्रवाह आयनांऐवजी इलेक्ट्रॉनांवर चाललेला असतो. अशी शॉर्ट झालेली सेल हजारो तास ‘उत्तम’ चालते. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा रोध, मोजा. रोध एकदम पडला असेल तर ती सेल बाद धरा. तसेच व्होल्टेजची मर्यादा ठरवताना गुळगुळीत स्टीलच्या चकतीवर घेतलेल्या आलेखावर विसंबू नका, कारण तिचे क्षेत्रफळ इतके थोडे असते की विघटनाचा प्रवाह डोळ्यात भरत नाही. इलेक्ट्रोलाइटमध्ये कार्बन मिसळून तीच चाचणी करा, खरी मर्यादा बरीच अरुंद निघते. पीईओ सुमारे ४ व्होल्टच्या आतच ऑक्सिडीभूत होऊ लागते, म्हणून त्याची जोडी एलएफपीशी जमते आणि एनएमसीशी जमत नाही, हे अशाच चाचणीत स्पष्ट दिसते.

उभारणीसाठी आर्गॉनचा ग्लोव्हबॉक्स हवा, ज्यात पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही १ पीपीएमच्या खाली राहतील. नायट्रोजनचा स्वस्त पर्याय घेऊ नका, लिथियम नायट्रोजनशीही अभिक्रिया करते. निर्वात ओव्हन, छोटे कोटिंग यंत्र, कॉइन सेल आणि एक-थरी पाऊच बंद करण्याची साधने, सेल पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करणारा काही चॅनेलांचा सायकलर आणि इम्पिडन्स मोजण्याचे एक चांगले यंत्र एवढ्यावर काम सुरू होते. पूर्ण ड्राय रूम पहिल्या वर्षी नको. वर्णपट, सूक्ष्मदर्शक आणि एक्स-रे यांसाठी पवईच्या आयआयटीतील उपकरण सुविधा केंद्र, म्हणजे सैफ, बाहेरच्यांनाही शुल्क घेऊन खुले आहे, आणि ठाण्याहून ते जवळ आहे. कोणताही नवा सेल पॅकमध्ये जाण्याआधी वाहतुकीसाठी यूएन ३८.३ आणि तुमच्या एल-वर्गातील (दुचाकी-तीनचाकी) वाहनांसाठी एआयएस-१५६ या चाचण्या लागतील. इलेक्ट्रोलाइट घन आहे म्हणून त्यांतून सूट मिळत नाही.

राहिला प्रश्न सध्या हाती असलेल्या ‘सेमी-सॉलिड’ नमुन्यांचा. त्यांच्यासाठी स्वतःच्या संशोधनाची वाट पाहू नका. पुरवठादाराकडून सेलच्या वजनात द्रवाचा वाटा किती टक्के, अ‍ॅनोड कशाचा, लागणारा दाब किती आणि कोणत्या तापमानाला सायकल मोजल्या, हे लेखी घ्या. मग एक नमुना पूर्ण डिस्चार्ज करून महापे किंवा पवईच्या एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेत आर्गॉनमध्ये उघडून घ्या, स्वतःच्या गाळ्यात नाही. आतला गठ्ठा तोला, ६० अंशांना निर्वातात वाळवा आणि पुन्हा तोला. डायमिथाइल कार्बोनेटसारखे हलके द्रावक उडून जातात आणि इथिलीन कार्बोनेट बहुतांश मागे राहते, त्यामुळे मिळालेली घट ही द्रवाच्या खऱ्या प्रमाणापेक्षा कमीच असते, हे लक्षात ठेवून तो आकडा पुरवठादाराच्या लेखी आकड्याशेजारी मांडा. सोबत दुसऱ्या नमुन्यावर १५, २५ आणि ४५ अंशांना दहा सेकंदांच्या प्रवाह-स्पंदाने अंतर्गत रोध मोजा. द्रव अगदी थोडा आहे असे सांगितले आहे आणि १५ अंशांचा रोध मात्र तुमच्या नेहमीच्या एलएफपी सेलइतकाच वाढतो, असे दिसले, तर त्या सेलमध्ये काय आहे हे पुरवठादाराला पुन्हा एकदा लेखी विचारा आणि तोपर्यंत मोठी मागणी नोंदवू नका.